निळ्या टर्मिनलची कुळकथा

तारापूर, पाताळगंगा किंवा लोटे परशुराम इथल्या एखाद्या रासायनिक कारखान्यातलं कंट्रोल पॅनेल उघडून बघा. करड्या टर्मिनलांच्या रांगांपासून फटकून बसलेली फिकट निळी टर्मिनलं दिसतील. त्यांचे धातूचे उघडे भाग आणि इतर टर्मिनलांचे उघडे भाग यांच्यात किमान ५० मिलिमीटर अंतर हवं, नाहीतर मध्ये पडदी हवी. त्यांच्या वायरी वेगळ्या डक्टमधून जातात आणि बाकीच्या वायरींशी बांधायच्या नसतात. ही आयएस सर्किटं, म्हणजे इंट्रिन्सिक सेफ्टीची. बाहेर रिअॅक्टरजवळ यातली वायर तुटली किंवा शॉर्ट झाली, तरी उडणाऱ्या ठिणगीत भोवतालची वाफ पेटवण्याइतकी ताकदच नसेल, अशी हमी या निळ्या रंगामागे असते.

ही हमी आली कुठून? नेहमीचं उत्तर हम्फ्री डेव्ही. १८१५ साली त्याने खाणकामगारांसाठी जाळीचा दिवा केला, जाळीतून बाहेर पडताना ज्योत थंड होते हे दाखवलं आणि तिथून स्फोटक वायूतल्या सगळ्या सुरक्षिततेचा वंश सुरू झाला. यातली अर्धी गोष्ट बरोबर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत गेल्सेनकिर्शेनला कार्ल बाइलिंग याने विजेच्या मोटरींवर प्रयोग केले आणि रुंद जोडपट्ट्यांच्या फटीतून निघणारी ज्वाला जाळीसारखीच थंड होते हे सिद्ध केलं. आपण ज्याला एफएलपी (फ्लेमप्रूफ) पॅनेल म्हणतो, ती जाडजूड कास्टिंगची, चारी बाजूंनी बोल्ट मारलेली पेटी या घराण्यातली. आत स्फोट झाला तर होऊ दे, ज्वाला बाहेर येता कामा नये, हा त्या घराण्याचा कुलाचार.

निळ्या टर्मिनलचा कुलाचार वेगळा आहे. इथे आग कोंडायची नसते, ती पेटूच द्यायची नसते. या घराण्याचा मूळपुरुष माझ्या मते दिवा नाही. तो आहे विजेची घंटा.

वेल्समधल्या कोळसाखाणींत वॅगनींची माळ दोराने ओढत. दोर ओढणारं इंजिन एका टोकाला आणि माणसं दूर आत. इंजिनवाल्याला ‘थांब’, ‘चालू कर’ कळवायला बोगद्याच्या भिंतीलगत दोन उघड्या तारा समांतर नेलेल्या असत. कामगार चालता चालता कुठेही त्या दोन तारांवर कानस किंवा सुरी टेकवायचा, की इंजिनघरात घंटा वाजायची. वीज बॅटरीची, थोड्याच व्होल्टची. हाताला झटका लागत नाही, तेव्हा धोका कसला, असा सगळ्यांचा समज होता.

घोटाळा व्होल्टमध्ये नव्हता, घंटेच्या पोटात होता. घंटा वाजवणारा विद्युतचुंबक म्हणजे तारेची कॉइल. कॉइलमधून प्रवाह वाहत असतो तेव्हा तिच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठलेली असते. कामगाराने कानस उचलली की प्रवाह तुटतो आणि साठलेली ऊर्जा सगळी त्या तुटण्याच्या जागी ठिणगी होऊन बाहेर पडते. त्या क्षणी व्होल्टेज बॅटरीच्या कितीतरी पट वर जातं. खाणीतला मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के मिसळलेला असला की स्फोटक होतो, आणि मिश्रण अनुकूल असेल तर त्याला एका मिलिज्यूलच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी ऊर्जा पुरते.

१९१२ मध्ये वेल्समधल्याच बेडवास खाणीत स्फोट झाला आणि घंटेच्या ठिणगीवर संशय गेला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९१३ ला, सेंगेनिथच्या युनिव्हर्सल खाणीत ४३९ कामगार आणि मदतीला गेलेला एक माणूस असे ४४० जण मेले. ब्रिटनच्या खाणींतला हा सर्वांत मोठा अपघात. याच खाणीत १९०१ च्या स्फोटात ८१ जण गेले होते. नियमभंगाबद्दल मॅनेजरला २४ पौंड आणि कंपनीला १० पौंड दंड झाला.

सेंगेनिथची ठिणगी कुणाची, हा वाद मात्र मिटला नाही. मुख्य खाण निरीक्षक रिचर्ड रेडमेन यांच्या चौकशीत छताचे दगड कोसळून उडालेली ठिणगी, दिव्यांच्या जागेवरची ज्योत आणि घंटेच्या तारा अशा तिन्ही शक्यता आल्या. लोकप्रिय इतिहासात इंट्रिन्सिक सेफ्टीचा जन्म सरळ सेंगेनिथमध्ये मांडतात. मला ते पटत नाही. जिथे घंटेवरचा आरोप सिद्धच झाला नाही, ती जागा जन्मस्थान कशी? घंटेकडे बोट आधी दाखवलं ते बेडवासने. सेंगेनिथने त्या प्रश्नाला ४४० माणसांचं वजन दिलं आणि तो टाळणं अशक्य केलं. जन्म बेडवासचा, बारसं सेंगेनिथचं, असं मी म्हणेन.

मग संशोधक रिचर्ड व्हीलर आणि न्यूकॅसलचे प्राध्यापक थॉर्नटन यांनी घंटांची परीक्षा घेतली. निष्कर्ष असा की फक्त व्होल्ट मोजून भागत नाही, कॉइलमध्ये काय साठलं आहे ते बघावं लागतं. उपायही त्यातूनच निघाला: कॉइलला समांतर एक रोध जोडा, म्हणजे प्रवाह तुटताना ऊर्जेला ठिणगीवाचून दुसरी वाट मिळेल. आपला पॅनेल वायरमन २४ व्होल्टच्या रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड लावतो, तो याच युक्तीचा भाऊबंद.

यावर प्रतिपक्ष म्हणतो की आजची इंट्रिन्सिक सेफ्टी झेनर बॅरिअरची, म्हणजे बाहेर जाणारं व्होल्टेज आणि प्रवाह मर्यादेत ठेवणाऱ्या उपकरणाची, ती रासायनिक कारखान्यांसाठी घडली, खाणीचा संबंध फक्त नावापुरता. मी दोन पुरावे पुढे करतो. पहिला, नेमप्लेटवरचा वायुगट. प्रोपेन २ए, इथिलीन २बी, हायड्रोजन २सी. मग गट १ कुठे गेला? तो आजही खाणीतल्या मिथेनसाठी राखून ठेवलेला आहे. घरात थोरला कोण, हे क्रमांकच सांगतो.

दुसरा पुरावा आयएस सर्किटं तपासणाऱ्या चाचणीयंत्राचा. आयईसी ६००७९-११ या मानकानुसार एका बंद कक्षात वायू भरतात. त्यात ०.२ मिलिमीटर जाडीच्या टंगस्टनच्या तारा, खाचा पाडलेल्या कॅडमियमच्या फिरत्या चकतीवर घासत जातात आणि प्रत्येक खाचेशी सर्किट जोडलं-तोडलं जातं. यंत्र नीट चालतंय का, हे आधी पडताळायचं ते २४ व्होल्ट आणि ९५ मिलिहेन्रीच्या कॉइलने. गट १ साठी प्रवाह ११० मिलिअँपिअर, हायड्रोजनसाठी फक्त ३०. म्हणजे खाणीच्या वायूसाठी कॉइलमध्ये सुमारे ०.५७ मिलिज्यूल ऊर्जा, हायड्रोजनसाठी त्याच्या तेराव्या हिश्श्याएवढी. थोड्या व्होल्टचा पुरवठा, एक कॉइल आणि उघड्या धातूंचं जोडणं-तोडणं: ही मांडणी कामगाराच्या कानशीची आणि इंजिनघरातल्या घंटेची आहे. यंत्राची घडण जर्मन असली, तरी त्याला विचारलेला प्रश्न वेल्समधला आहे, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे खाणींसाठीच्या अशा उपकरणांचा कारभार धनबादहून चालतो, आणि तेल-रसायनांच्या बाजूचा नागपूरच्या पेट्रोलियम आणि एक्स्प्लोझिव्ह्ज सेफ्टी ऑर्गनायझेशनकडून, म्हणजे ‘पेसो’कडून. पण प्रमाणपत्र उपकरणाला मिळतं, लूप, म्हणजे बॅरिअर, केबल आणि ट्रान्समीटर मिळून होणारं सर्किट, साइटवर जोडला जातो. ‘चोवीस व्होल्ट तर आहे, काय होतंय’ हे वाक्य शॉपफ्लोअरवर रोज ऐकू येतं. वेल्सचे खाणवालेही घंटेबद्दल हेच म्हणत होते. म्हणून आयएस लूप जोडताना व्होल्टेज बघून थांबू नका. बॅरिअरच्या प्रमाणपत्रावर जास्तीत जास्त किती मिलिहेन्री आणि किती मायक्रोफॅरड चालतात ते लिहिलेलं असतं. ट्रान्समीटरचे आकडे आणि केबलच्या लांबीचे आकडे मिळवून बेरीज त्याच्या आत बसते का, ते कागदावर मांडा आणि मगच सप्लाय द्या.