टाच टेकवण्याची कुळकथा

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या पायांवर आज जे उपचार होतात, त्यांचं मूळ शोधत गेलं की आपण एका डॉक्टरच्या स्वतःच्याच वाकड्या पायाशी पोचतो. विल्यम जॉन लिटल हा लंडनचा, जन्म १८१०. लहानपणी झालेल्या लकव्यात त्याचा डावा पाय आत वळला, टाच वर ओढली गेली. त्या काळी सर्जन अशा पायाला सहसा हात लावत नसत. टाचेमागची कंडरा उघडी करून कापली की जखम पिकायची, आणि शस्त्रक्रियेत जंतुनाशक वापरायची रीत यायला अजून तीस वर्षं होती. हॅनोवरचा लुई श्ट्रोमायर कातडीला बारीकसा छेद देऊन आतल्या आत कंडरा कापतो, हे लिटलला कळलं. १८३६ साली तो तिथे गेला, पाय सरळ करून घेतला, तंत्रही शिकून घेतलं आणि परतल्यावर लंडनमध्ये अशाच पायांसाठी रुग्णालय उभं केलं.

तिथे येणाऱ्या मुलांपैकी काहींचे पाय मात्र वेगळे होते. लुळे नव्हे, ताठ. मांड्या एकमेकींवर चढलेल्या, गुडघे वाकलेले, चालणं चवड्यांवर. १८६१ मध्ये लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या सभेपुढे लिटलने या ताठपणाचा संबंध अवघड बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मताना श्वास कोंडणं यांच्याशी जोडला. पुढे कित्येक वर्षं या विकाराला त्याचंच नाव होतं. सिग्मंड फ्रॉइडने (होय, स्वप्नांचा अर्थ लावणारा तोच, आधी तो मज्जातंतूंचा डॉक्टर होता) १८९७ मध्ये शंका काढली की अवघड बाळंतपण हे कारण नसून पोटातच आधी झालेल्या बिघाडाचा परिणामही असू शकेल. आजचं वैद्यक बऱ्याच मुलांच्या बाबतीत फ्रॉइडच्या बाजूने झुकतं.

सेरेब्रल पाल्सीत दुखापत मेंदूत असते आणि ती वाढत नाही. पाय मात्र बिघडत जातो. हाड लांब होत जातं, सतत आखडलेला पोटरीचा स्नायू त्या वेगाने वाढत नाही, म्हणून मूल तीन वर्षांचं असताना हाताने टेकवता येणारी टाच दहाव्या वर्षी टेकत नाही. फिजिओथेरपीची सगळी लढाई हाड आणि स्नायूच्या वाढीतल्या या अंतराशी आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात या लढाईची हत्यारं पोलिओकडून उसनी आली. पोलिओत मज्जारज्जूतल्या पेशी मरतात, स्नायूला आज्ञाच पोचत नाही. त्या लुळ्या पायासाठी कॅलिपर होते, एकेक स्नायू निवडून द्यायचे व्यायाम होते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या विन्थ्रॉप फेल्प्सने १९३० च्या दशकात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना हाच क्रम लावला. त्याचं मोठेपण असं, की ही मुलं काही शिकू शकत नाहीत असं मानलं जात असताना तो त्यांच्यामागे उभा राहिला. पण साचा पोलिओचाच होता. आपल्याकडेही वेगळं घडलं नाही. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात १९५३ मध्ये देशातलं पहिलं फिजिओथेरपी विद्यालय सुरू झालं तेही पोलिओच्या रेट्यामुळेच. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी शाळा आणि उपचार एकाच छपराखाली आणणारी संस्था मिठू अलूर यांनी मुंबईतच काढली, पण त्याला १९७२ साल उजाडावं लागलं.

साचा मोडला तो बर्टा बोबाथने. ती बर्लिनची, मूळची व्यायामशिक्षिका. नाझींच्या छळामुळे लंडनला आलेली. १९४० च्या दशकात तिच्याकडे सायमन एल्विस हा नामांकित व्यक्तिचित्रकार उपचारांसाठी आला. पक्षाघाताने त्याची उजवी बाजू ताठ झाली होती. ताठ अवयव जोर लावून ताणायचा, ही रूढ रीत. बर्टाने जोर न लावता त्याच्या अंगाची ठेवण बदलून पाहिली, तर ताठरपणा तिच्या हाताखाली सैल पडला. म्हणजे ताठरपणा कायमचा नव्हता. शरीर कसं धरलं आहे, यावर तो कमीजास्त होत होता. नवरा कारेल डॉक्टर होता. त्याने या निरीक्षणाला मज्जाशास्त्राचा आधार शोधला. १९५१ मध्ये दोघांनी लंडनमध्ये दवाखाना काढला आणि जगभरचे थेरपिस्ट तिथे शिकायला येऊ लागले.

सुरुवातीला ती दोघं मुलाला ताठरपणा उतरवणाऱ्या आसनांत बराच वेळ धरून ठेवत. तेवढ्यापुरतं अंग सैल व्हायचं, पण मूल उठून उभं राहिलं की पहिले पाढे पंचावन्न. मग त्यांनीच पद्धत बदलली: खांदे आणि कंबर हलक्या हाताने धरून मुलाला हालचाल करू द्यायची. स्वतःच्या नावाने चालणारी पद्धत स्वतःच बदलत राहणारी माणसं थोडी असतात, हे बोबाथ दांपत्याच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे.

मात्र त्यांच्या शिकवणीतून एक निषिद्ध पक्कं झालं: ताठ स्नायूला जोराचं काम द्यायचं नाही, दिलं तर ताठरपणा वाढेल. वजनं उचलणं वर्ज्य. दोनतीन पिढ्यांचे थेरपिस्ट हे न मोजता मानत आले.

मोजणी सुरू झाली आणि पंचाईत झाली. १९८८ मध्ये बाल्टिमोरच्या एका चाचणीत १२ ते १९ महिन्यांच्या ४८ बाळांचे दोन गट केले. एका गटाला वर्षभर बोबाथ वळणाची फिजिओथेरपी. दुसऱ्याला सहा महिने घरी आईवडिलांनी घ्यायचे खेळ आणि नंतर सहा महिने फिजिओथेरपी. वर्षअखेर पहिल्या गटातली ३५ टक्के मुलं चालत होती, दुसऱ्यातली ७३ टक्के. चाचणी लहान होती; तिच्यावरून फिजिओथेरपी निरुपयोगी ठरवणं चूक. पण थेरपिस्टच्या हातांत काही जादू आहे, हा समज तिने हलवला.

१९९५ मध्ये संशोधक डायान डॅमियानो यांनी थेट निषिद्धालाच हात घातला. गुडघे वाकवून चालणाऱ्या मुलांच्या घोट्यांना वजनं बांधून सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम घेतले. स्नायू बळकट झाले आणि पाय टेकताना गुडघे पूर्वीपेक्षा सरळ राहू लागले. ताठ दिसणारा पाय मुळात अशक्तही असतो, हे इतक्या उशिरा नीट मोजलं गेलं. माझ्या मते या कुळकथेतली सगळ्यात महागात पडलेली गोष्ट हीच: एका चांगल्या निरीक्षणाला चिकटून आलेली भीती चाळीस वर्षं कोणी तपासली नाही.

ताकदीच्या व्यायामानेही प्रत्येक मूल चालू लागत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गटाने १९९७ मध्ये या मुलांच्या हालचालींच्या पाच पायऱ्या ठरवल्या. पहिलीतलं मूल जिना चढतं, पाचवीतल्याला मान सावरायलाही आधार लागतो. त्याच गटाच्या पुढच्या मोजणीत दिसलं की हालचालींची बहुतेक प्रगती पाचव्या वर्षाच्या आतच होते. त्यामुळे मूल कोणत्या पायरीवर आहे हे लवकर विचारलेलं बरं. 'नक्की चालेल' असं सांगून वर्षानुवर्षं पैसे घेणाऱ्यांपासून तेवढंच संरक्षण.

आज पुरावा ज्या बाजूला आहे ती बाजू साधी आहे: मुलाला जे करायचं आहे तेच, त्याच्या घरात, त्याने स्वतः, पुन्हा पुन्हा करायचं. संडासापर्यंत जाणं, पायरी चढणं, खुर्चीवरून उठणं. कॅलिपर, प्लास्टर, बोटॉक्सची इंजेक्शनं ही त्याच्या मदतीला. तुमच्या ओळखीत असं मूल फिजिओथेरपीला जात असेल, तर पुढच्या वेळी थेरपिस्टला एवढं विचारा: या पाऊण तासात मुलाने स्वतः काय केलं, आणि त्यातलं घरी रोज काय करून घ्यायचं?