मस्त, मातलेला आणि माजलेला

दिवाळीच्या फराळाला बसलेल्या मंडळींत कुणी ‘चकली मस्त झाली आहे हो!’ म्हटले, की करणारीचे श्रम सार्थकी लागतात. ज्या घराने दारूचा थेंब पाहिला नाही, तिथेही हा शब्द बेधडक वावरतो. आणि मूळ फारसीत ‘मस्त’ म्हणजे चक्क दारू प्यालेला!

शब्द फारसीतून आला, तरी तो आपल्याला अगदीच परका नाही. फारसी ‘मस्त’ आणि संस्कृत ‘मत्त’ ही एकाच प्राचीन कुळातली भावंडे. आपल्याकडचा धातू ‘मद्’, म्हणजे हर्षणे, धुंद होणे. ऋग्वेदात सोमपानाने इंद्राला चढतो तो मद, आणि तिथे त्यात निंदा नाही, उल्हास आहे. ‘मद्य’ही याच धातूचे. पुढे ‘मत्त’पासून आपले ‘मातणे’ झाले आणि ‘माद्यति’चे प्राकृतात ‘मज्जइ’ होऊन ‘माजणे’. म्हणजे मस्त, मातलेला आणि माजलेला हे तिघेही मूळचे प्यालेलेच.

पण मराठी माणसाने या तिघांना कुठे नेऊन बसवले, पाहा. गुत्त्यातून झोकांड्या खात येणाऱ्याला आपण ‘माजला’ म्हणत नाही. तो झिंगला, तर्र झाला. माजतो तो सावकार, मातते ती सत्ता, आणि मस्ती असते पोसलेल्या अंगात. बाटलीची नशा सकाळी उतरते, पैशाची पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाही, हे आपल्या पूर्वजांनी नेमके ओळखले आणि दारूचे शब्द उचलून श्रीमंतीला लावले.

कायद्याची नजर मात्र दुसरीकडेच राहिली. ते पाहायचे तर आमच्या गोंदियाकडे यावे. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा म्हणजे धानाच्या बांध्या, तळी आणि मोहाची झाडे. या झाडाचे नाव ‘मधूक’वरून आले, मन भुलवणारा ‘मोह’ हा निराळ्या ‘मुह्’ धातूचा. उच्चार जुळला एवढेच, पण बिचाऱ्या झाडाला ते नाव भोवले! चैत्राच्या सुमारास रात्री गळलेली रसरशीत फुले बायका-मुले पहाटे टोपलीत वेचतात, वाळवून ठेवतात. ती भाकरीत मिसळतात, भाजून खातात. बियांचे तेल काढतात. याच फुलांची दारूही होते, पण तो त्यांचा एक उपयोग झाला.

इंग्रजी अमलात मध्य प्रांतातल्या दारूच्या भट्ट्यांचे ठेके लिलावाने दिले जात. सरकारची तिजोरी त्यावर भरे. तिकडे मुंबई इलाख्यात १८९२ साली खास मोहफुलांसाठी कायदाच झाला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही ही फुले आपल्या कक्षेत घेतली, आणि पुढे १९५९ साली तो विदर्भालाही लागू झाला. फुले वेचणाऱ्या गोंड बाईच्या टोपलीकडे संशयाने पाहण्याची रीत अशी पक्की होत गेली. मोहफुलांवरचे निर्बंध राज्य सरकारने सैल केले ते थेट २०२१ साली.

दारूने संसार धुळीला मिळतात, हे आमच्या गावांनाही ठाऊक आहे. त्या व्यसनाची वकिली मी करीत नाही. पण भुकेच्या दिवसांत आधार देणारे फूल वर्षानुवर्षे संशयित राहिले, आणि ‘प्यालेला’ या अर्थाचा शब्द मात्र निर्दोष सुटून आपल्या फराळाच्या ताटाशी येऊन बसला, याची मौज वाटते आणि खंतही.

तेव्हा वाचकहो, चकलीला खुशाल ‘मस्त’ म्हणा. फक्त मोहाचे नाव निघाल्यावर डोळे मिचकावण्याआधी, या शब्दाची ‘माजलेली’ भावंडे कुणाकुणाच्या वाड्यात नांदतात, तेही एकदा आठवा.