कणगीकडून कनवटीकडे

राजे सनदा ठेवून जातात. गृहिणी आपला हिशेब मनातच ठेवून जातात. त्यामुळे घरखर्चाचा इतिहास लिहिणे राजघराण्यांच्या इतिहासाहूनही अवघड होऊन बसते. तथापि प्रांताचे अर्थकारण पालटू लागले म्हणजे त्याची पहिली चाहूल स्वयंपाकघरातच लागते, हे कोल्हापूरच्या उदाहरणावरून ध्यानी येईल.

जुन्या खेड्यात कुटुंबाचा बराचसा खर्च खर्च म्हणून गणलाच जात नसे. ज्वारी शेतातली, दूध गोठ्यातले. सुतार, लोहार, न्हावी यांस सुगीत बलुते पोचले की वर्षभराची कामे होत. रोकड लागे ती मुख्यतः सारा, मीठ, कापड आणि लग्नकार्य यांसाठी. पुढे 1891 साली मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली. 1895 साली शाहू छत्रपतींनी शाहूपुरीची पेठ वसविली आणि गुळाचा व्यापार तेथे वाढीस लागला. 1906 साली कापडगिरणीचा पाया घातला गेला. 1918 साली कुलकर्णी वतने जाऊन पगारी तलाठी आले. धान्याची जागा हळूहळू पैसा घेऊ लागला.

जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल याने 1857 साली असा सिद्धान्त मांडला की, उत्पन्न वाढते तसतसा त्यातील अन्नखर्चाचा हिस्सा घटतो. पण ज्वारीच्या रानात ऊस लावून ज्याने चार पैसे अधिक मिळविले, त्याच्या वहीत अन्नाचा खर्च उलट वाढलेलाच दिसणार! येथे सिद्धान्त खोटा नव्हे, वही अपुरी आहे. पूर्वीही तो जेवतच होता. त्या जेवणाची किंमत मात्र कोठे लिहिलेली नव्हती. ‘पूर्वी स्वस्ताई होती’ या वडीलधाऱ्यांच्या उद्गारात म्हणूनच सत्याबरोबर या न लिहिलेल्या हिशेबाचाही वाटा असतो.

परंतु सारा फरक वहीतलाच होता, असे मानणे चुकीचे ठरेल. कणगीतला दाणा गृहिणीच्या हाताने मापला जाई. अडत्याकडची गुळाची पट्टी पुरुषाच्या हाती पडे. शिवाय ज्याच्या घरी कणगी नाही, त्याला बाजारभाव हाच पाऊस. 1896-97 च्या दुष्काळात शाहू महाराजांना स्वस्त धान्याची दुकाने उघडावी लागली, ती याच कारणाने.

उलटपक्षी, रोख मजुरी घेणाऱ्या कारागिरास नको ते काम नाकारता येऊ लागले. पैशाने निर्धास्तपणा नेला आणि मोकळीक दिली. या दोन्ही रकमा जमाखर्चात मांडल्याखेरीज त्या स्थित्यंतराची बाकी बरोबर निघावयाची नाही.