मुंबईच्या लोहमार्गावरील एकदिश व प्रत्यावर्ती प्रवाह (१९२५–२०१६)

१

विद्युत् अभियांत्रिकीचा इतिहास सांगताना एकदिश प्रवाह जुना, प्रत्यावर्ती प्रवाह नवा आणि नव्याने जुन्याचा पराभव केला, अशी मांडणी करण्याची प्रथा पडून गेली आहे. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर उभारलेले एकदिश वीजकेंद्र हे या कथेचे एक टोक आणि १८९६ साली नायगारा येथून बफेलो शहरास मिळू लागलेला प्रत्यावर्ती पुरवठा हे दुसरे. मुंबईच्या उपनगरी लोहमार्गाचा इतिहास मात्र या मांडणीत बसत नाही. वीजपुरवठ्याच्या क्षेत्रात प्रत्यावर्ती प्रवाहाचे श्रेष्ठत्व सिद्ध होऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, १९२५ साली, येथे एकदिश प्रवाहाचा स्वीकार झाला आणि तो २०१६ पर्यंत टिकला. जुन्याविषयीचा आग्रह एवढ्याच कारणाने या एक्याण्णव वर्षांचा उलगडा होतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

व्याख्येच्या दृष्टीने दोन प्रवाहांतील भेद सोपा आहे. एकदिश प्रवाहाची दिशा कायम असते. प्रत्यावर्ती प्रवाहाची दिशा ठराविक कालाने पालटते. आपल्या देशात हा प्रवाह दर सेकंदास ५० आवर्तने पुरी करतो, म्हणजेच शंभर वेळा दिशा बदलतो. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो या भेदाचा परिणाम. प्रवाह सतत बदलत असल्याने त्याचे चुंबकीय क्षेत्रही बदलते, आणि त्यायोगे रोहित्राच्या साहाय्याने विद्युत् दाब हवा तसा वाढविता वा उतरविता येतो. तारेतील उष्णतारूप नाश प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून दाब जितका अधिक, तितका दूरवरचा पुरवठा सुकर.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या गाडीस ३,००० किलोवॉट शक्ती हवी असल्यास १,५०० व्होल्ट दाबावर २,००० अँपिअर प्रवाह लागतो. तीच शक्ती २५,००० व्होल्टवर, शक्तिगुणक एक मानल्यास, अवघ्या १२० अँपिअरमध्ये मिळते. तारेचा रोध तोच धरला, तर नाश सुमारे २७८ पटींनी कमी होतो.

परंतु तारेस जे मानवते ते चलित्रास मानवेलच असे नाही. एकदिश क्रमजोडणीच्या चलित्राचा निघतानाचा जोर मोठा असतो आणि वेग वाढेल तसतसा तो आपोआप उतरतो. पदोपदी थांबून पुन्हा निघणाऱ्या गाडीस याहून सोयीचे चलित्र त्या काळी नव्हते. दिक्परिवर्तक असलेले चलित्र ५० आवर्तनांच्या प्रवाहावर चालविले, तर दिक्परिवर्तकावर ठिणग्या उडून तो खराब होई. प्रवर्तन चलित्र दणकट खरे, पण त्याचा वेग प्रवाहाच्या कंप्रतेशी बांधलेला असल्याने तो हवा तसा बदलणे कठीण होते.

३

या पार्श्वभूमीवर १९२५ चा निर्णय पाहिला पाहिजे. मुंबईत प्रत्यावर्ती प्रवाहाचा अभाव मुळीच नव्हता. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्रातून १९१५ पासून उच्च दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह सह्याद्रीच्या पायथ्यापासून गिरण्यांपर्यंत येत होता. लोहमार्गाच्या उपकेंद्रांतही प्रत्यावर्ती प्रवाहच येई. तेथे त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करून तो गाडीवरच्या तारेत सोडला जाई. खरा प्रश्न हे रूपांतर कोठे करावयाचे, हा होता.

स्वित्झर्लंड, जर्मनी व स्वीडन या देशांनी निराळे उत्तर शोधले होते. त्यांनी तारेत १५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाहच ठेवला, मात्र दिक्परिवर्तकास सोसावी म्हणून त्याची कंप्रता सेकंदास १६⅔ आवर्तनांवर आणली. यासाठी त्यांना लोहमार्गापुरती वेगळी जनित्रे किंवा कंप्रता बदलणारी यंत्रे ठेवावी लागली. ब्रिटनमध्ये सर अलेक्झांडर केनेडी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२१ साली १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहाची शिफारस केली. मुंबईसारख्या ठिकाणी, जेथे अंतरे थोडी व गाड्या पुष्कळ, तेथे दर काही किलोमीटरांवर उपकेंद्र उभारण्याचा खर्च अनेक गाड्यांवर विभागला जातो आणि गाडीवर जड रोहित्राचे ओझे पडत नाही. तत्कालीन साधने ध्यानी घेता ही निवड योग्यच म्हटली पाहिजे.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) येथून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत पहिली विद्युत् गाडी धावली. १९२८ मध्ये पश्चिमेकडील मार्गावर बोरिवलीपर्यंत आणि १९२९-३० च्या सुमारास घाट ओलांडून पुणे व इगतपुरीपर्यंत हीच पद्धती गेली.

४

रूपांतराचे यंत्र उपकेंद्रातून गाडीवर नेता आले, तर तारेस उच्च दाब आणि चलित्रास एकदिश प्रवाह हे दोन्ही लाभ साधतात. नेहमीच्या ५० आवर्तनांच्या प्रवाहावर गाड्या चालविण्याचे प्रयोग जर्मनीच्या हॉलेन्टाल मार्गावर १९३६ पासून झाले. महायुद्धानंतर फ्रान्समध्ये लुई आर्मां यांच्या पुढाकाराने ते साव्हॉय प्रांतात पुढे नेण्यात आले आणि १९५४-५५ मध्ये व्हालांसिएन–थियाँव्हिल या अवजड मालवाहतुकीच्या मार्गावर २५,००० व्होल्टची पद्धती यशस्वी ठरली. भारताने १९५७ साली हीच पद्धती प्रमाण म्हणून स्वीकारली. त्या पहिल्या पिढीतील भारतीय इंजिनांवर पारदबाष्पाचे इग्निट्रॉन एकदिशकारक होते आणि त्यांची चलित्रे एकदिशच होती. म्हणजे तार बदलली, तरी चाकाशी एकदिश प्रवाहाचेच राज्य राहिले.

५

मद्रास व कलकत्ता येथील एकदिश मार्ग १९६० च्या दशकातच बदलले गेले. मुंबईत तसे झाले नाही, कारण रहदारीचा खंड तेथे परवडणारा नव्हता. पश्चिम रेल्वेवर विरार ही दोन प्रवाहांची सीमा बनली आणि १९७५ पासून दोन्हींवर चालणारी इंजिने वापरात आली. पुढे नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या झाल्या, फेऱ्या वाढल्या, आणि १,५०० व्होल्टच्या तारेस तो भार पेलेनासा झाला.

बदलाचे काम तारेपुरते मर्यादित नव्हते. उच्च दाबास तार व पूल यांत अधिक अंतर लागते. जुन्या पुलांखाली ते मिळविणे हा स्वतंत्र उद्योग होता. एकदिश प्रवाहाच्या मार्गावर रुळांतील संकेत-मंडले प्रत्यावर्ती असावी लागतात व साधी एकदिश मंडले चालत नाहीत. उलट प्रत्यावर्ती मार्गावर ५० आवर्तनांची मंडले निरुपयोगी होतात. त्यामुळे संकेतव्यवस्थाही बदलावी लागली, आणि हे सर्व गाड्या चालू ठेवून. पश्चिम रेल्वेवरील काम फेब्रुवारी २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील जून २०१५ मध्ये आणि हार्बर मार्गावरील एप्रिल २०१६ मध्ये पुरे झाले. जेथे प्रारंभ झाला होता, तेथेच एकदिश प्रवाह सर्वांत शेवटी थांबला.

६

या इतिहासातून एका प्रवाहाचा विजय सिद्ध होत नाही. रूपांतराचे स्थान कसे सरकत गेले, एवढे मात्र दिसते. १९२५ मध्ये ते उपकेंद्रात होते. १९५९-६० नंतर इतरत्र ते इंजिनावर गेले. २००७ पासून मुंबईत आलेल्या नव्या गाड्यांत तारेतील प्रत्यावर्ती प्रवाह प्रथम एकदिश होतो आणि मग अर्धवाहक साधनांनी बदलत्या कंप्रतेचा त्रिकला प्रवाह होऊन प्रवर्तन चलित्रास मिळतो. ज्या चलित्राचा वेग आवरता येत नव्हता, ते आता सर्वांत आज्ञाधारक ठरले आहे.

याच काळातील आणखी एक घटना नोंदविण्याजोगी आहे. १९९९ साली चंद्रपूरहून कल्याणनजीकच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची, अधिक-उणे ५०० किलोव्होल्टची आणि १,५०० मेगॅवॉट क्षमतेची एकदिश वाहिनी कार्यान्वित झाली. रोहित्राअभावी जो प्रवाह एकेकाळी दूरवर नेता येत नव्हता, तोच रूपांतराचे साधन सुधारताच दूरवरच्या वहनासाठी निवडला गेला. लोहमार्गावरून एकदिश प्रवाह हटविण्याची आणि पडघ्यास तो आणण्याची कारणे मुळात एकच आहेत. तेव्हा कोणता प्रवाह श्रेष्ठ, असे विचारण्याऐवजी कोणत्या काळी कोणते रूपांतर कोठे व किती खर्चात शक्य होते, असे विचारणे तंत्रविद्येच्या इतिहासाच्या अभ्यासकास अधिक फलदायी ठरेल.