पराभवाची गोडी

खेळ म्हटला कीं त्यांत जय-पराजय आलेच. परंतु ज्यांत अखेरचा जय मुळींच नाहीं, असा खेळ मनुष्य पैसे मोजून कां खेळतो, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. सन १९८२ मध्यें अमेरिकेंतील शिकागो शहरच्या विल्यम्स कंपनीनें 'रोबोट्रॉन: २०८४' नांवाचा व्हिडिओ गेम बाजारांत आणला. शत्रूंची एक लाट संपली कीं दुसरी येते, आणि खेळणारा केव्हां तरी मरतोच. पाव डॉलरचें नाणें यंत्रांत टाकून लोक हा ठरलेला पराभव पुन्हां पुन्हां विकत घेत. या वेडाचें मूळ कशांत आहे, तें आम्हीं येथें पाहण्याचें योजिलें आहे.

त्यापूर्वीच्या नेमबाजीच्या खेळांची रीत अशी होती कीं, एका हातानें फिरावयाचें व दुसऱ्या हातानें बटण दाबून गोळी झाडावयाची. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या जपानी खेळांत तोफ डावी-उजवीकडे सरके, पण गोळी सरळ वरच जाई. १९८० च्या 'बर्झर्क' मध्यें गोळी निरनिराळ्या दिशांना सुटे. तथापि नेम धरावयाचा तर पाय थांबवावे लागत, आणि पळावयाचें तर नेम सोडावा लागे. 'रोबोट्रॉन'चा कर्ता यूजीन जार्व्हिस याच्या मनांत हा 'बर्झर्क' घोळत होता. त्याच सुमारास मोटारीच्या अपघातांत त्याचा उजवा हात जायबंदी झाला व प्लॅस्टरमधल्या हातानें बटण दाबणें त्यास कठीण पडूं लागलें. मग नेमासाठींही दांडाच कां नसावा, असा विचार निघाला. लॅरी डिमार या सहकाऱ्यासह त्यानें जो खेळ रचला, त्यांत गोळीचें बटणच उरलें नाहीं. डावा दांडा म्हणजे पाय, उजवा दांडा म्हणजे बंदूक. दोन्ही आठ दिशांना स्वतंत्रपणें वळणारे. पेटी वाजविणाऱ्याचा एक हात भात्यावर व दुसरा पट्ट्यांवर असतो, तसाच हा प्रकार. नवशिक्याचे हात प्रथम एकमेकांस ओढतात; पुढें ते सुटे होतात, आणि पूर्वेस पळतां पळतां पश्चिमेस मारा करणें जमूं लागतें.

या एका बदलानें खेळणाऱ्याची सबब नाहींशी झाली. हात अपुरे पडले, असें आतां म्हणतां येईना. सबंध रणांगण एकाच पडद्यावर डोळ्यांसमोर असतें. अभिमन्यु व्यूहांत स्वतः शिरला होता. येथें लाट सुरू होते तेव्हांच खेळणारा मध्यभागीं उभा असतो व शत्रु चोहोंकडे असतात. यंत्र निर्दय आहे, परंतु कपटी नाहीं.

तरी नुसता जीव वांचविणें एवढेंच साध्य असतें, तर हा खेळ लवकरच नीरस झाला असता. त्या गर्दींत मानवजातीचें शेवटचें कुटुंब, म्हणजे आई, बाप व मुलगा, भांबावून फिरत असतें. साधा यंत्रमानव मारल्यास १०० गुण. माणूस वांचविल्यास मात्र लाटेंतील पहिल्याचे १,०००, दुसऱ्याचे २,०००, असे चढत ५,००० पर्यंत. 'हल्क' नांवाचा शत्रु गोळीनें मरत नाहीं, फक्त मागें ढकलला जातो, आणि वाटेंत सांपडलेल्या माणसांचा जीव घेतो. 'ब्रेन' तर त्या माणसांनाच शत्रु बनवून आपल्यावर सोडतो. गुण सांचले कीं जादा जीव मिळतो. तेव्हां कोपरा धरून स्वतःपुरतें लढणारा सुरक्षित वाटला, तरी फार काळ टिकत नाहीं. जिकडे धोका तिकडेच आई उभी असते, आणि जावें कीं न जावें, याचा निर्णय निमिषार्धांत करावा लागतो.

कोणी म्हणेल कीं, ही सारी दुकानदाराची युक्ति. खेळ जितका कठीण, तितकीं नाणीं अधिक. त्यांत तथ्य आहे. परंतु काठिण्य केवळ नाण्यासाठीं असतें, तर नाण्याबरोबर तेंही गेलें असतें. इतिहास तसें सांगत नाहीं. १९९० च्या 'स्मॅश टीव्ही' मध्यें जार्व्हिसनें मार्क टर्मेल याच्यासह हीच दोन दांड्यांची रीत पुन्हां वापरली. पुढें घरगुती यंत्रांच्या हातपेटीवर अंगठ्यानें फिरविण्याचे दोन दांडे आले, आणि २००५ मध्यें बिझार क्रिएशन्स या इंग्लिश मंडळीनें 'जॉमेट्री वॉर्स: रेट्रो इव्हॉल्व्ड' हा खेळ काढला. तो एकदां विकत घेतला कीं दर डावास पैसा पडत नसे. तरी मरण अटळच राहिलें, आणि लोक तो आवडीनें खेळत राहिले. नाणें गेलें, पराभव राहिला.

आमच्या मतें या गोडीचें मर्म हें आहे कीं, येथील पराभव खेळणाऱ्याचा स्वतःचा असतो. काल सहाव्या लाटेंत पडलेला आज नवव्या लाटेंत पडतो, आणि त्या तीन लाटा त्याच्या दोन हातांनीं मिळविलेल्या असतात. नशिबास किंवा दुसऱ्या कोणास बोल लावण्याची सोय जेथें नाहीं, अशीं ठिकाणें संसारांत थोडींच. पडद्यावरची आई चार रंगीत ठिपक्यांची आहे, हें खेळणाऱ्यास पुरतें ठाऊक असतें. तरी स्वतःचा बचाव सोडून तो तिच्याकडे वळतो, आणि पुष्कळदां तेथेंच मरतो. मग तो पुन्हां पहिल्या लाटेपासून आरंभ करतो.