जाळीआडची नजर : फोर्कलिफ्टच्या ओव्हरहेड गार्डविषयी

भिवंडीच्या एखाद्या गोदामात भर दुपारी उभे राहा. फोर्कलिफ्ट रॅकसमोर येऊन थांबते, काटे उचलणारा उभा सांगाडा, म्हणजे मास्ट, वर सरकू लागतो, आणि काटे तिसऱ्या लेव्हलवरच्या पॅलेटपाशी पोचायच्या बेतात असताना ऑपरेटर डाव्या बाजूने मान बाहेर काढतो. बाजूला उभा असलेला हेल्पर हात हलवत ‘अजून थोडं… थोडं… बस’ म्हणत असतो. तरी ऑपरेटरला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असते, आणि ते साहजिकच आहे. काटा चुकला तर माल त्याच्या हातून खाली येणार असतो. त्या क्षणी, ज्या डोक्यासाठी ती पोलादी जाळी, म्हणजे ओव्हरहेड गार्ड, बसवलेली असते, ते डोके जाळीच्या बाहेर असते. तेवढ्यात गाडी कलली, तर गार्डची चौकट आणि जमीन यांच्यामध्ये सापडते ते हेच बाहेर काढलेले डोके.

गार्डच्या रचनेच्या ज्या अभ्यासक्षेत्राच्या उंबऱ्यावर मी वाचकांचे स्वागत करतो आहे, त्याचे सगळे सार मला त्या बाहेर काढलेल्या मानेत दिसते. ओव्हरहेड गार्डचा विचार बहुतेक ठिकाणी मजबुतीपासून सुरू होतो आणि दृश्यता ही नंतर बघू म्हणून ठेवलेली सोय असते. मला हा क्रम मान्य नाही. जी जाळी ऑपरेटरला दिसू देत नाही ती त्याला बाहेर वाकायला लावते, आणि बाहेर वाकलेल्या माणसाचे ती रक्षण करू शकत नाही. म्हणून दृश्यता ही गार्डच्या सुरक्षेतच मोजायला हवी. पुढे जे काही सांगणार आहे ते याच भूमिकेतून.

आधी गार्डचे काम नीट समजून घेऊ. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमात एक वाक्य आहे, ते प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे मला वाटते. त्याचा आशय असा: ओव्हरहेड गार्ड हा छोटी खोकी, पेट्या, पोती अशा पडणाऱ्या वस्तूंपासून संरक्षण देण्यासाठी असतो, गाडीच्या पूर्ण क्षमतेचा भार वरून कोसळला तर तो पेलण्यासाठी नसतो. आयएसओ ६०५५ या मानकातल्या एका चाचणीत ४५ किलोचा लाकडी ठोकळा दीड मीटर उंचीवरून दहा वेळा गार्डवर टाकतात. त्याखेरीज लाकडाचा मोठा भारा टाकण्याची चाचणी असते; तिची तीव्रता गाडीच्या क्षमतेनुसार वाढत जाते. आणि जाळीतल्या फटीबद्दल एक मोजकी अट आहे: फटीची लांबी किंवा रुंदी यांपैकी एक माप १५० मिलिमीटरहून जास्त नको. दोन्हींपैकी एकच, हे ध्यानात घ्या. म्हणजे फट लांबलचक चालते, फक्त अरुंद हवी. पट्ट्या कोणत्या दिशेने घालायच्या हे ठरवण्याचे स्वातंत्र्य रचनाकाराला या अटीने दिले आहे. हे स्वातंत्र्य किती मोलाचे आहे ते थोडा हिशेब केला की कळते.

अडीच टनाच्या साध्या फोर्कलिफ्टमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून १.८५ मीटरवर आहेत आणि गार्डच्या पट्ट्या २.२ मीटरवर, असे धरू. काट्यांचा मागचा भाग डोळ्यांच्या दीड मीटर पुढे आहे. काटे साडेचार मीटर उंचीवर गेले की नजर जवळजवळ ६० अंशांनी वर जाते. ती समोरच्या मोकळ्या जागेतून जात नाही, छतातूनच जाते. त्या रेषेवर पट्टी डोळ्यांपासून सुमारे ४० सेंटीमीटरवर येते आणि काटे सुमारे तीन मीटरवर. आता डावीकडून उजवीकडे जाणारी, नजरेला ५० मिलिमीटर रुंद दिसणारी एक आडवी पट्टी मध्ये आणा. सरळ प्रमाणाने ती तिकडे नजरेच्या काटकोनात ३८० मिलिमीटर रुंदीचा पट्टा झाकते. पॅलेटच्या ज्या खाचेत काटे शिरायचे असतात तिची उंची असते साधारण १०० मिलिमीटर. म्हणजे खाच, काट्यांची टोके आणि रॅकचा बीम, सगळे एकाच पट्टीमागे गडप होते. मान बाहेर का निघते याचे उत्तर या त्रैराशिकात आहे.

आता हातात एक पेन्सिल घ्या. हा प्रयोग वाचून पुढे जाण्यासारखा नाही, खरोखर करून पाहा. पेन्सिल नाकासमोर हातभर अंतरावर उभी धरा आणि दोन्ही डोळ्यांनी समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचा. पेन्सिल दोन-दोन दिसते, अर्धवट पारदर्शक भासते, पण कॅलेंडरवरचा एकही आकडा हरवत नाही. मग तीच पेन्सिल आडवी धरा. आता तिच्यामागची ओळ दिसत नाही.

आपले दोन डोळे एकमेकांशेजारी, साधारण ६३ मिलिमीटर अंतरावर आहेत. उभ्या अडथळ्याच्या एका बाजूने उजवा डोळा पाहतो, दुसऱ्या बाजूने डावा, आणि मेंदू दोन्ही चित्रे जुळवून घेतो. आडव्या अडथळ्यापुढे मात्र दोन्ही डोळे सारखेच अडतात. फोर्कलिफ्टच्या छतात मागून पुढे जाणारी पट्टी वर पाहणाऱ्याला उभी दिसते आणि बाजूंना जोडणारी पट्टी आडवी. मागून पुढे जाणारी २० मिलिमीटरची पट्टी ४० सेंटीमीटरवर असेल, तर दोन्ही डोळ्यांना न दिसणारा टापू तिच्यामागे सुमारे १९ सेंटीमीटरमध्येच संपतो. पट्टी ५० मिलिमीटरची केली तरी तो दीड मीटरच्या आसपास संपतो. पॅलेट त्याच्याही पलीकडे आहे, म्हणजे निदान एका डोळ्याला ती दिसतेच. रुंदी डोळ्यांमधल्या अंतराच्या पुढे गेली की मात्र गणित पालटते: झाकलेला टापू कुठेच संपत नाही, अंतराबरोबर वाढतच जातो. गार्डच्या पुढच्या दोन खांबांबद्दल मी विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न हाच विचारतो: ड्रायव्हरच्या जागेवरून पाहता हा खांब ६३ मिलिमीटरच्या आत दिसतो की बाहेर?

इथे एक सावधगिरी. एका डोळ्याला दिसणे आणि दोन्ही डोळ्यांना दिसणे यांत फरक आहे. खोलीचा नेमका अंदाज दोन्ही डोळे मिळून देतात, आणि काट्याचे टोक खाचेच्या तोंडाशी आहे की चार बोटे अलीकडे, हा प्रश्न खोलीचाच आहे. शिवाय माणूस पुतळ्यासारखा बसत नाही. उंच रॅकसाठीच्या रीच ट्रकमध्ये तर तो गाडीच्या आडवा बसून मान वळवतो आणि दहा मीटरच्याही वर पाहतो. त्याची मान कललेली असते, दोन डोळ्यांना जोडणारी रेषा तिरपी होते, आणि आपल्या नीटस हिशेबात ते तिरपेपण धरावे लागते. बीटी या कंपनीने आपल्या रीच ट्रकची केबिनच मागे कलती केली, ती या मानेसाठी.

मजबुतीचे काय, हा प्रश्न आता वाचकाच्या मनात आला असेल, आणि तो यायलाच हवा. इथे पदार्थशास्त्र आपल्या बाजूचे आहे. ५० मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर जाड पट्टी सपाट घातली तर ती नजर अडवते आणि वरून मार बसला की लवकर वाकते. तीच पट्टी कडेवर उभी केली तर वाकण्याविरुद्धची तिची ताकद पाचपट होते, ताठपणा पंचवीसपट होतो, आणि तिच्या दिशेने पाहणाऱ्याला फक्त १० मिलिमीटरची कड दिसते. वरच्या हिशेबात ती ३८० ऐवजी ७६ मिलिमीटर झाकेल, आणि डोके किंचित हलवले की तेवढेही उघडेल. पोलाद तेवढेच, वजन तेवढेच. अर्थात कडेवर उभी केलेली पातळ पट्टी आघाताने बाजूला लवंडू पाहते, म्हणून तिला मधूनमधून आडवे बांध लागतात. शिवाय गार्डला नुसते ताठ राहून चालत नाही. आघाताची ऊर्जा काही प्रमाणात वाकून पचवावी लागते, आणि वाकताना डोक्यापर्यंत यायचेही नसते.

आडव्या पट्ट्या पूर्णपणे टाळता येत नाहीत. त्यांच्यासाठी खिडकीच्या झडपांची युक्ती आहे: प्रत्येक पट्टी तिच्या जागेवरून डोळ्यांकडे येणाऱ्या नजरेच्या रेषेत कलवायची. पुढची पट्टी जास्त सपाट, डोक्यावरची जवळजवळ उभी. चांगल्या गाडीच्या गार्डखाली बसून वर पाहा, पट्ट्या पंख्यासारख्या उघडलेल्या दिसतील. त्याच गार्डकडे बाहेरून पाहिले तर तो भरीव वाटतो.

पण ही नजरेची रेषा कोणाच्या डोळ्यांतून काढायची? मला या क्षेत्रातला सर्वांत माणुसकीचा प्रश्न हाच वाटतो. उंच पुरुष आणि ठेंगणी स्त्री एकाच सीटवर बसले तर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीत सहज दहा-बारा सेंटीमीटरचा फरक पडतो. ज्या पट्ट्या एकाला धारेवर दिसतात त्या दुसऱ्याला पसरट दिसतात. गाडीचा मूळ आराखडा युरोपातल्या किंवा जपानमधल्या शरीरमापांवर बेतलेला असेल, तर चाकणमधल्या मुलीला तो कितपत जमेल हे सीटवर बसून, मोजूनच कळेल. आपल्याकडे या कामासाठी एक भक्कम पाया आहे: अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांचा ग्रंथ. गोदरेजने १९६३ मध्ये फोर्कलिफ्ट बनवायला सुरुवात केली, पुण्यातही फोर्कलिफ्टचा कारखाना आहे. म्हणजे मापे इथली, कारखाने इथले आणि गाडी चालवणारेही इथले. हे तिन्ही एका टेबलावर यावेत, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

गार्ड सरळ उंच का करत नाहीत, असे कोणी विचारेल. पट्ट्या डोळ्यांपासून जितक्या दूर, तितके त्या कमी झाकतात, हे खरे आहे. पण न्हावा-शेव्याला उतरणाऱ्या साध्या कंटेनरच्या दाराची उंची सुमारे २.२८ मीटर असते, आणि गाडीला माल काढायला आत शिरायचे असते. खालच्या बाजूने मानकाची अट: सीटच्या ठरवून दिलेल्या संदर्भबिंदूपासून गार्डच्या खालच्या पृष्ठापर्यंत ९०३ मिलिमीटर मोकळे हवेत. गाडीचे इंजिन किंवा बॅटरी सीटखालीच असल्याने सीटही फार खाली नेता येत नाही. वरून दार आणि खालून सीट, या चिमटीत रचनाकाराच्या वाट्याला जेमतेम काही सेंटीमीटर येतात.

मास्टविषयी थोडक्यात. तो गार्डचा भाग नाही, पण नजर दोघांतून सलग जाते, म्हणून दोघांचा विचार वेगळा करू नये. पूर्वी उचलण्याचा सिलिंडर बरोबर मधोमध असे. पुढे त्याचे दोन सिलिंडर झाले आणि ते मास्टच्या दोन उभ्या चॅनेलच्या मागे लपवले गेले. साखळ्या आणि होज पाइपही त्यांच्या आडोशाला गेले. लिंडे या कंपनीने मास्ट कलवण्याचे सिलिंडर खालून काढून वर, गार्डच्या पातळीला नेले. आधार वर मिळाल्याने मास्ट सडपातळ करता आला. त्यांच्या रोडस्टर या गाडीत तर पुढचे खांबच नाहीत. ऐकायला हे धाडस वाटते, पण भार कुठून कुठे जातो याचा नव्याने विचार केला की खांबासारखी गृहीत धरलेली वस्तूही हलवता येते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

पट्ट्यांऐवजी चिवट काचेचे छत हाही मार्ग आहे. कारखान्यातून निघताना ते अप्रतिम दिसते. पण आपल्या गोदामांत सिमेंट, पीठ, मसाल्याची धूळ असते. दर पाळीला छत पुसणारे कोणी नसेल तर महिनाभरात त्या काचेतून काय दिसेल, हे आराखडा काढतानाच विचारावे. काचेऐवजी पॉलीकार्बोनेट वापरले, तर त्यावर कोरड्या फडक्यानेही चरे पडतात. काट्यांवरचा कॅमेरा उंच रॅकसाठी उत्तम मदतनीस आहे, पण मागे-पुढे जाताना आणि वळताना माणसाला आपले डोळेच वापरावे लागतात.

राहिले मोजमाप. आयएसओ १३५६४ मध्ये याची सुंदर पद्धत आहे. ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या जागी दिव्यांची रांग लावतात आणि गाडीभोवतीच्या पडद्यांवर पडणारी सावली तपासतात. जिथे प्रकाश पोचतो तिथे नजर पोचते. याची घरगुती आवृत्ती कोणत्याही पॉलिटेक्निकच्या मुलांना करता येईल. रात्री, गोदामातले दिवे मालवून, बंद उभ्या असलेल्या फोर्कलिफ्टच्या सीटवर डोळ्यांच्या उंचीला दोन बारीक बल्ब ६३ मिलिमीटर अंतरावर बसवा. काटे जमिनीवरच राहू द्या, आणि पुढे रॅकच्या उंचीला एक पांढरी चादर ताणून बांधा. चादरीवर फिकट सावल्या दिसतील: तिथे एक डोळा पाहतो आहे. काही ठिकाणी गडद काळे पट्टे दिसतील: तिथे दोन्ही डोळे आंधळे आहेत. खडूने त्या गडद पट्ट्यांच्या कडा आखा. मग बल्ब दहा सेंटीमीटर खाली घ्या, दुसऱ्या रंगाच्या खडूने पुन्हा आखा, आणि ती चादर दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर आलेल्या ऑपरेटरला दाखवा.