सोन्याचा कस आणि महागाईचा निर्देशांक

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५० च्या सुमारास) सुवर्णगणित नावाचे एक छोटे प्रकरण आहे. त्यातले एक उदाहरण असे: १३, १२, ११ व १० कसाचे सोने अनुक्रमे १०, ४, २ व ४ मासे आहे, सारे एकत्र आटवले तर लगडीचा कस किती? घाईने सरासरी काढणारा ४६ ला ४ ने भागून साडेअकरा म्हणेल आणि विकताना स्वतःच बुडेल. आचार्यांची रीत निराळी. प्रत्येक कसाला त्याच्या वजनाने गुणावे, बेरीज २४० येते, तिला एकूण २० माशांनी भागावे; कस १२. पुढचा प्रश्न अधिक मार्मिक आहे. शुद्ध करताना २० माशांचे १६ च उरले तर? हीण जळते, २४० तसेच राहतात, कस १५.

हा ग्रंथ १८१७ मध्ये इंग्रजीत आणणारा हेन्री कोलब्रुक कंपनी सरकारचा मुलकी अधिकारी होता, ही गोष्ट आम्हा नोकरशहांना उगाच सुखावते.

अर्थशास्त्राच्या वर्गात हीच रीत मला 'भारित सरासरी' म्हणून पुन्हा भेटली, आणि नोकरीत महागाई भत्त्याच्या रूपाने. हा भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून ठरतो. सोनाराजवळ तराजू असतो. येथे भार ठरतात कामगार कुटुंबांच्या खर्चाच्या पाहणीवरून. अन्नगटाचा भार १९८२ च्या मालिकेत शंभरपैकी ५७ होता, २००१ च्या मालिकेत ४६.२ आणि २०१६ च्या मालिकेत ३९.१७. यांपैकी २००१ ची मालिका प्रत्यक्षात जानेवारी २००६ पासून लागू झाली. म्हणजे २००५ ची महागाई आपण १९८१-८२ च्या स्वयंपाकघरातील तराजूत तोलत होतो. माझ्या मते ही दिरंगाई अक्षम्य होती.

समजा, अन्न १० टक्क्यांनी महागले आणि बाकी सारे ४ टक्क्यांनी. ५७ च्या भाराने महागाई ७.४२ टक्के येते, ३९.१७ च्या भाराने ६.३५. बाजार तोच, भाव तेच. नवे भार आजच्या सरासरी कुटुंबाला न्याय देतात, हे खरे. परंतु आटवलेल्या लगडीचा प्रत्येक मासा १२ कसाचाच असतो. कुटुंबांचे तसे नसते. ज्या घरात आजही शंभरातले सत्तावन्न रुपये धान्य-भाजीतच जातात, तेथली महागाई ७.४२ च असते आणि वेतनातली भरपाई मात्र ६.३५ ची होते.